चर्चा करावी

वीस वर्षं नांदेडच्या विद्यापीठात कारकुनी करून सहायक कुलसचिव झालो आणि महिन्याभरात लातूरच्या तीन दिवसांच्या व्यवस्थापन प्रशिक्षणाचं पत्र हातात पडलं. मला रागच आला. उभा जन्म फायलींत गेला, आता कोण काय शिकवणार? पत्रात लिहिलं होतं, टेबलावर अडलेल्या एका फाइलची झेरॉक्स आणा. मी आपली सगळ्यांत बारकी निवडली.

शिरूर अनंतपाळच्या एका मुलीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव आमच्याकडून चुकीचं छापलं गेलं होतं. प्रशिक्षणाच्याच आठवड्यात, शनिवारी नोकरीसाठी तिची कागदपत्रं तपासणार होते. नाव जुळलं नाही तर नोकरी जाईल, असं तिनं अर्जातच कळवलं होतं.

शिकवायला एक निवृत्त कुलसचिव बाई होत्या. मला उभं करून म्हणाल्या, "टिपण्या मोठ्यानं वाचा."

कक्ष अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं, 'चर्चा करावी.' उपकुलसचिवांनी लिहिलं होतं, 'चर्चा करावी.' खाली नव्या पदाच्या हौसेनं हिरव्या शाईत मीही तेच लिहिलं होतं.

"झाली का मग चर्चा?"

"न्हाई, मॅडम. ते बोलावतील म्हणून मी थांबलो. मी बोलवीन म्हणून ते थांबले असतील."

सगळे खो खो हसले. बाई हसल्या नाहीत.

"दुरुस्तीचा अधिकार कुणाचा?"

"माझाच."

खरं सांगतो, मी भ्यायलो होतो. नव्या खुर्चीवरची पहिली चूक माझ्या नावावर लागायला नको होती.

"मग इथं काय करून राहिलात?" बाई म्हणाल्या.

चहासुद्धा न घेता नांदेडची बस धरली. फाइलवर 'मंजूर' लिहिलं आणि छपाईवाल्यांच्या डोक्यावर बसून नवी गुणपत्रिका काढून घेतली. मुलीला मीच फोन केला. शुक्रवारी सकाळी ती आली. आईचं नाव तिनं दोनदा वाचलं, पण समोरून हलेना.

"झालं की काम. जा आता."

"हाव साहेब. पण आता सही कुणाची राहिली?"

"कुणाचीच न्हाई."

तिला पटलं नाही. बऱ्याच वेळानं मी बाहेर आलो, तर कागद उराशी धरून ती बाकावर बसलेली. मी दिसताच ती उठून उभी राहिली.