राजाचं शेपूट कोणी गाळलं?

मंडळी, खड्ड्यांवर सरळ लिहिलं तर कोणी वाचत नाही. म्हणून मी गोष्टीतल्या राजाला शेपूट लावलं. ते रस्ताभर लोळतं, लोक त्याला अडखळून पडतात आणि उठून राजाचाच जयजयकार करतात.

आज वारज्यात आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात ती गोष्ट मंदारने वाचली. मंदार म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र. पाहुणे होते आमचे नगरसेवक. पठ्ठ्याने शेपूटच गाळलं! उरला नुसता प्रेमळ राजा.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"तुझ्यासाठीच रे. उगाच त्यांच्या डोळ्यावर आला असतास."

निघताना नगरसेवक मला म्हणाले, "अहो, शेपूट छान होतं की! मंदाररावांनी कालच पाठवली होती मला अख्खी गोष्ट."

सांगा, शेपूट एकट्या राजालाच लावलं, तिथेच चुकलो ना मी?