नावाडीण सॉरा

माझी वहिनी सॉरा आमच्या गावची नाव एकटीने चालवायची. ती नाव आधी माझ्या वडिलांची होती, मग गॉस्बेरदादाची. दादा किल्लेदाराच्या तिरंदाजांबरोबर इंग्रजांशी लढायला गेला आणि नाव वहिनीकडे आली. लग्नाला तेव्हा दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. "द्राक्षं उतरायच्या आत येतो," असं सांगून गेलेला माणूस आठ-नऊ वर्षं फिरकला नाही.

आधी ती रडायची. मग तह झाला आणि शेजारगावचा बेरोन एक पाय गमावून परत आला. त्याने सांगितलं, गॉस्बेर धडधाकट आहे, पगार बंद झाल्यावर लुटारूंच्या टोळीत गेलाय. त्या दिवसापासून वहिनीचं रडणं थांबलं. नावेत कुणी नवऱ्याची चौकशी केली तर म्हणायची, "मेला असता तर मेणबत्ती तरी लावली असती."

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत टोळीने ओल्त नदीच्या खालच्या अंगाचं गाव जाळलं. धूर आम्हाला दिसत होता. आमच्या गावचा मुख्य एस्तेव, त्याने सगळ्या नावा अलीकडे ओढून घेतल्या आणि पलीकडच्या कुणालाही आणायचं नाही असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडून हाक आली. शेवटी आवाज चढवणारी, आमच्या घरातलीच हाक. मी धक्क्यावर कपडे धूत होते. हातातलं फडकं वाहून गेलं.

"वहिनी, दादा आहे."

ती नावेच्या फटींत डांबर भरत होती. "दिसतंय मला," म्हणाली, आणि हातातली फट पुरी करून मगच उठली.

एस्तेव माणसं घेऊन धावत आला. "सॉरा, तो त्यांचा माणूस आहे. मागच्या झाडीत स्वार दडलेले असणार. नाव त्यांच्या हाती गेली की गाव गेलं."

"असतीलही. पण तो काय सांगायला आलाय ते इथून कळणार नाही." मग तिने ओरडून दादाला सांगितलं, "धनुष्य पाण्यात टाक."

दादाने आधी धनुष्याची दोरी कापली, मग ते भिरकावून दिलं.

तिने नाव सोडली. जाताना एस्तेवला म्हणाली, "मी हात वर केला तर बाण सोडा. मी मध्ये आहे म्हणून थांबू नका."

आमच्या काठावर पाच-सहा धनुष्यं ताणली गेली. मला प्रार्थनेचे शब्दसुद्धा आठवेनात.

पलीकडच्या काठापासून काठीभर अंतरावर तिने नाव थांबवली. पुढचं बोलणं तिने मला नंतर सांगितलं.

"तिथूनच बोल."

"उद्या ते येतायत. घोडे चालत पार होतील असा उथळ उतार त्यांना हवाय. गिरणीखाली आहे, एवढं माझ्या तोंडून गेलं. पुढे होऊन दाखव म्हणाले, तेव्हा पळालो."

"दाखवायचा की. इतकी वर्षं त्यांचंच खाल्लंस."

"सॉरा, हे माझं गाव आहे."

"जळालं ते कुणाचं होतं?"

तो एक पाऊल पुढे आला, तिने नाव तेवढीच मागे घेतली.

"तह झाला तेव्हा का नाही आलास?"

"हात घाण झाले होते."

"ओल्तला पाणी नव्हतं धुवायला?"

तो म्हणाला, "मला नेऊ नकोस हवं तर. पण त्या उतारात आजच्या आज खुंट ठोकून घ्या."

"तो उतार पुरात वाहून गेला. तिथे आता दोन पुरुष पाणी आहे."

दादा वळून गिरणीच्या दिशेने बघतच राहिला. ज्या उतारापायी तो टोळी सोडून, जीव मुठीत धरून आला होता, तो उतार उरलाच नव्हता. हा खोटं बोलत नाही, हे वहिनीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने काठीचं टोक पुढे केलं.

तो चढला तशी नाव एका अंगाला कलली. आमच्या काठावर कुणीतरी श्वास आत ओढला. वारं सुटलं होतं, वहिनीचे केस मोकळे होऊन डोळ्यांवर आले होते, तिला समोरचं धड दिसत नव्हतं. पण केस मागे सारायला हात वर करावा लागला असता. नदी ओलांडेपर्यंत तिने दोन्ही हात काठीवरून काढले नाहीत.

एस्तेवने दादाला चर्चच्या मनोऱ्यात कोंडलं. दुसऱ्या सकाळी स्वार आले ते थेट गिरणीखाली. पहिले दोन घोडे स्वारांसकट बुडाले. बाकीचे काठावर उभे राहून दादाच्या नावाने शिव्या घालत राहिले आणि निघून गेले. त्या शिव्या ऐकून एस्तेवने कुलूप काढलं.

"नवरा परत मिळाला ग तुला," शेजारणी म्हणाल्या.

"मिळाला ना. नाव बांधतो त्या छपराखाली ठेवलाय, भिजणार नाही."

हिवाळाभर तो तिथेच झोपला. ती त्याच्यासाठी घराच्या उंबऱ्यावर भाकरी आणि चेस्टनटचं सूप ठेवायची. एका सकाळी तिने विचारलं, "लुटायला जायचात, त्या घरांत बायका असायच्या?"

"असायच्या."

"आणि तू?"

"दाराशी पहारा द्यायचो. आतून हाका यायच्या. मी दार उघडलं नाही."

त्यानंतर कित्येक आठवडे ती त्याच्याशी बोलली नाही. मला म्हणाली, "खोटं सांगितलं असतं तर मी त्याला त्याच रात्री घरात घेतलं असतं. आणि मग कधीतरी हाकललं असतं."

वसंतात नदी फुगली. उन्मळलेली झाडं वाहून येत होती, एकटीला नाव आवरेना. "ये," एवढंच ती दादाला म्हणाली. तो सवयीने मागे, नाव वळवणाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिला, ती म्हणाली, "पुढे. मागे मी असते."

लोकांना उतरवून दोघं परत आली तेव्हा दादाचे तळवे सोलून निघाले होते. वहिनीने ते उलटेपालटे करून पाहिले आणि हसली. "नावाड्याचे घट्टे गेले सगळे."

"शिकव पुन्हा. तुझी नाव आहे."

तिने अक्रोडाचं तेल आणून त्याच्या तळव्यांना चोळलं. त्या संध्याकाळी वाडगा उंबऱ्यावर नव्हता, टेबलावर होता, तिच्या वाडग्याशेजारी.

उन्हाळ्यात दादा जळालेल्या गावात छपरं घालायला गेला. तिथल्यांनी त्याला ओळखलं, पहिल्या दिवशी दगड मारले. वहिनी बरोबर गेली होती. तिने त्याच्या कपाळाचं रक्त पुसलं आणि तुळईचं दुसरं टोक उचललं.