भिंतीकडेची फेरी

गॅरेजात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाडी आली की तो आधी चाकाला हात लावायचा नाही. काच खाली करायची, मागच्या गल्लीतल्या लांब भिंतीकडेने गाडी न्यायची आणि हळूच ब्रेक दाबायचा. भिंत आवाज जसाच्या तसा परत देते, असं त्याचं म्हणणं. बारीक किंचाळी आली तर ब्रेकचे पॅड संपत आले. खरखर आली तर संपलेच, लोखंडावर लोखंड घासतंय. सगळी हयात याच फेऱ्या मारण्यात गेली.

एक दिवस लेक गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर तान्हं बाळ.

"बाबा, ब्रेक दाबला की किंचाळतंय. बाळ दचकून उठतं."

तिला शेजारी बसवून त्याने फेरी मारली. पुन्हा मारली. कुठे काय?

"काही नाही गं. धूळ बसली असेल."

"अहो बाबा, पण आत्तासुद्धा..."

"कानसेन कोण, तू की मी?"

ती हसली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात तो स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसला होता. बायको मोरीतून ओरडली, "अहो, कुकर कधीचा बोंबलतोय! कानात बोळे घातलेत का?"

त्याने मान वर केली. शिट्टीतून वाफ उसळत होती. आवाज नव्हता. बायको ऐकू येत होती, रस्त्यावरचा ट्रक ऐकू येत होता, फक्त शिट्टी नव्हती. गॅस बंद करायचंही न सुचता त्याने लेकीला फोन लावला.

"ती किंचाळी..."

"थांबली की, कालपासून! आता नुसती खरखर येते. आणि पाय जरा जास्त दाबावा लागतो."

"गाडी जागची हलवू नकोस. बाळाची शपथ आहे तुला."

तो गेला, चाक काढलं. पॅड नावालाही उरले नव्हते. ब्रेकच्या चकतीवर खोल चरे पडले होते. त्यांवरून त्याने बोट फिरवलं. देवाने राखलं, एवढंच मनात आलं.

"तुला ऐकू येत होतं ना? मग गेलीस कशी?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेजच्या मालकाला सगळं सांगितलं. मालकाला थट्टाच वाटली.

"पुरे हो कानसेन! जा, ती निळी गाडी ऐकून या."

तो भिंतीकडे गेला नाही. पाना घेतला, निळ्या गाडीशी उकिडवा बसला आणि चाकाचे नट सैल करू लागला.