चहाचा ठराव

मंगळवारी माझी पत्नी वारली. त्यानंतर मी अन्नपाणी घेतलं नाही.

शेजारचे आबा चहा पीत नसत. इंग्रजांच्या राज्यात आमच्या गावानं चावडीवर ठराव केला होता, साहेबाचा चहा प्यायचा नाही. तो अजून पाळणारे एकटे आबाच उरले होते. कुरकुंभच्या कारखान्यात पाळीवर निघालेली पोरं चिडवायची, "आबा, इंग्रज गेला की!"

"त्यो गेला. ठराव कुठं मोडलाय? मोडायला समदं गाव बसावं लागतंय."

बुधवारी आबा टपरीवरून चहाची किटली घेऊन आले. मी नको म्हणालो. त्यांनी बशीत चहा ओतला आणि आधी स्वतः प्यायले.

"लई ग्वाड हाय की," ते म्हणाले. "आता तुम्ही घ्या, गुरुजी."

मी घेतला.

आता गावात तो ठराव पाळणारं कुणी राहिलेलं नाही.