गोणीभर पाचोळा

माझ्या नवऱ्याला आठ पायांच्या कोळ्यांचं वेड होतं. आठवडाभर आमच्या बेटावरच्या रोझ बेल गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, रविवारी सकाळी देवळात पोरांना मराठी, आणि उरलेला सगळा वेळ पाचोळ्यात. मोदकाची पिठी चाळायची माझी चाळण त्यांनी रानात नेली, तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

शमें ग्रेनिए गावाच्या वरच्या डोंगरातल्या जुन्या रानात त्याच चाळणीतून एक कोळीण पडली. मोहरीहून बारीक. त्यांनी ती कुपीत घालून परदेशातल्या एका जाणकाराकडे पाठवली. उत्तर आलं की जात नवी दिसते, पण नर मिळाला तर वर्णन पुरं होईल.

मग नराचा ध्यास लागला. ऐंशी साल उजाडता उजाडता त्यांचं हृदय थकलं आणि डॉक्टरांनी डोंगर बंद केला. जायच्या आधी एवढं काम हातून पुरं व्हावं, दुसरं काही त्यांना नको होतं.

म्हणून मी जाऊ लागले. झाडांच्या मुळाशी बसून पाचोळा आणि माती गोणीत भरायची, डोक्यावर घेऊन उतरायचं, बस धरायची. कंडक्टर कुरकुरायचा, मीही त्याला चार शब्द ऐकवायची. घरी ते अंगणात पांढऱ्या कापडावर चाळत बसायचे. नराच्या तोंडापाशी दोन आखूड अवयव असतात, त्यांची टोकं फुगीर. पण ते भिंगाखालीच कळायचं. मला नुसता ठिपका दिसायचा.

एकदा पावसात घसरून मी गुडघा फोडून घेतला, पण गोणी आणली. तिच्यात एक ठिपका निघाला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

"गावला गो," ते म्हणाले. "नर गावला. आता फिनी, संपलं काम. तू डोंगर नको चढू."

मी देवापुढे साखर ठेवली. थोड्याच दिवसांत ते गेले.

ती कुपी मीच पाठवली. जाणकारानं सांत्वन करून लिहिलं की ही दुसरीही मादीच आहे, वर्णनात नर अज्ञात असंच छापावं लागेल. भिंगातून सहज कळण्यासारखी गोष्ट यजमानांच्या नजरेतून कशी सुटली, याचं त्याला नवल वाटत होतं.

मला नवल वाटलं नाही. मी रडले, आणि गेलेल्या माणसावर रागावलेही. एकदा विचारायचं तरी होतं मला. तुम्ही असेपर्यंत मी रोज गोणी आणली असती.