दस्त्यावरचं गाव
जवसाच्या तेलाचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. इथे परदेशात, फेल्डहोवनच्या नेमबाजी क्लबात मी लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी भारतीय रायफल स्वस्तात घेतली होती. तिच्या लाकडी दस्त्यावर कुणा शिपायाने खिळ्याने मराठीत नाव-गाव कोरलं होतं. नाव मला लागलं होतं, खालचं पुसट गाव मी भिंग घेऊन लावत होतो. खंडेनवमीच्या सकाळी मी आत नळी साफ करत होतो, तेवढ्यात पुण्याहून आलेल्या मेहुण्याने सुटा दस्ता पॉलिशपेपरने घासला आणि जवसाचं तेल लावून चकचकीत केला. “भावोजी, पूजेला असले ओरखडे बरे दिसतात का?” मी पूजेचा पाट उचलून आपटला. त्या वर्षी पूजा झालीच नाही. आता दर खंडेनवमीला मेहुण्याचा फोन येतो. मी तो वाजू देतो, आणि दस्त्यावर जिथे गाव होतं तिथे कुंकू लावतो.