सासऱ्याच्या वावरातली हिमनदी

चहा घ्या, पण एक अट आहे. मधी हसायचं न्हाई. हसायचं ते सगळं ऐकून झाल्यावर, एकदाच. तसंही अंबड तालुक्यात माझ्यावर हसायचं आता कुणी शिल्लक राहिलेलं न्हाई.

लोक म्हणतात ना, माणसानं विषयाच्या खोलात जावं? मी गेलो. चांगला साडेचार फूट गेलो. तिथनं अजून वर आलेलो न्हाई!

तुम्हाला माहीतच आहे, मी भूगोलाचा मास्तर. एकवीस वर्षं झाली नकाशा टांगून. पण वर्गातली पोरं सगळी शेतकऱ्यांची. एक दिवस एका पोरीनं विचारलं, "सर, आमच्या रानात मोसंबी येईना, शेजारच्या रानात येती, असं का?" मला उत्तर आलं न्हाई. 'घरी विचार' म्हणून वेळ मारून नेली, पण मनाला लागलं. मंग घरबसल्या करायच्या एका मातीच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. जाडजूड पुस्तक आलं. कुठल्यातरी थंड मुलखातल्या पुस्तकावरनं केलेलं असावं, कारण पहिलंच प्रकरण बर्फाचं! हिमनदी वितळती, तिचं पाणी गोटे-वाळू वाहून आणतं, थरावर थर पसरवतं, त्याच्या पायऱ्या होतात, आणि त्यावर तयार होती 'खडेयुक्त दुमट' माती. दुमट म्हंजी ना धड रेताड, ना धड चिकण.

पुस्तकात दहा प्रकरणं. मी पहिलं पाठ केलं. पुढची नऊ नुसती उघडून बघितली. खोटं कशाला बोलू?

शेवटी एक काम करून द्यायचं होतं. शेतात खड्डा घ्यायचा, आतल्या थरांची जाडी, रंग, खडे लिहायचे, मातीचा वर्ग ठरवायचा, आणि ती माती तिथं आली कशी तेही सांगायचं. ते तपासणार परभणीकडच्या एक मॅडम.

खड्डा घ्यायला माझ्याकडं जागा कुठली? राहतो भाड्याच्या घरात. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत सासुरवाडीला गेलो, वडीगोद्रीच्या अलीकडं. मामा, म्हंजी माझे सासरे, मोतीबिंदू काढायला थोरल्या लेकीकडं संभाजीनगरला गेल्ते. घरी एकट्या मामी. मामी म्हंजी सासूबाई. माऊली! जावयासमोर कधी आवाज चढवायची न्हाई. तेच नडलं.

मे महिन्यातली आमची जमीन कशी असती, तुम्हाला सांगायला नको. पहिल्या जागी कुदळ मारली, टण्णकन उसळून माझ्याच नडगीवर आली. दुसऱ्या जागी वीतभर खाली मुरूम. हाताला फोड. मंग विहिरीच्या वरच्या अंगाला, ओघळीच्या कडेला, एक जागा सापडली. काय सांगू, फावडं लोण्यात गेल्यासारखं गेलं! शहाणा माणूस थांबला असता. सगळं रान दगड झालंय आन् एवढीच जागा लोणी कशी, असा विचार केला असता. मी म्हणालो, नशीब!

मामी धावत आल्या. "पाव्हणे, तिथं नका खोदू. तिथं तुमच्या मामानं..."

"मामी, मामांचा इथं काय संबंध? ही माती मामांच्या आधीची आहे. लाखो वर्षांची!"

"आवो, पण..."

"थोडे पोहे करता का? भूक लागली."

गेल्या बिचाऱ्या पोहे करायला.

मी खोदत गेलो, आणि एकेक थर उघडत गेला. वर वीतभर तपकिरी माती, बारीक खडे मिसळलेली. चिमूटभर ओली करून बोटांत दाबली, दोन बोटं पट्टी निघाली आणि तुटली. दुमट! त्याखाली स्वच्छ भरड वाळू. त्याखाली वाटाण्याएवढी खडी. त्याखाली लिंबाएवढे गोल गुळगुळीत गोटे. बारीक वर, मोठं खाली, थर एकदम आखून दिल्यासारखे. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं!

आणि गोट्यांचा रंग? गुलाबी! आपल्या जालन्यात जिथं बघाल तिथं काळा दगड. काळ्या पाषाणाच्या मुलखात गुलाबी गोटा आणणार कोण? एवढ्या लांबनं एवढं वजन वाहून आणायची ताकद कुणात आहे?

मी त्या खड्ड्यात उभा राहून, घामानं निथळत, स्वतःशीच पुटपुटलो, "बर्फात."

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. एकवीस वर्षं मुलांना दुसऱ्यांनी लावलेले शोध शिकवले. आता माझा एक!

अहवाल लिहिला, फोटो काढले, मॅडमना पाठवले. तासाभरात उत्तर आलं. "आणखी खोदू नका. मी शुक्रवारी येते."

आमचे गणिताचे शेख सर खड्डा बघायला आल्ते, त्यांना हा निरोप वाचून दाखवला. ते उभेच राहिले. "या अल्ला! मॅडम खुद येऊन राहिल्या? खोदू नका म्हणाल्या? म्हंजी मामला बिलकुल बडा आहे, सर!"

मलाही तेच वाटलं. 'खोदू नका' याचा 'खोदू नका' एवढाच अर्थ असू शकतो, हे आम्हा दोघा पदवीधरांच्या डोक्यात आलं न्हाई.

शेख सरांनी जल्दी जल्दी फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. तिथनं तो दुसऱ्या ग्रुपवर, तिथनं तिसऱ्या. मी लिहिलं होतं, 'हिमनदीच्या खुणा असाव्यात'. बुधवारपर्यंत 'असाव्यात' गळालं. गुरुवारी 'खुणा' गळाल्या. शुक्रवारी सकाळी माणसं बर्फ बघायला आली!

एक म्हातारबा लांबनं सायकल दामटत आल्ते. खड्ड्यात वाकून बघितलं. "सर, बर्फ किती फुटावर लागलं?"

"बाबा, बर्फ वितळला."

"कधी?"

"लाखो वर्षं झाली."

"मंग बोलावलं कशाला आमाला?" सायकल फिरवून गेले. सरपंच मातर खुश. इथं पाटी लावू, तिथं गाड्या उभ्या करू, असं हात दाखवत फिरून राहिले. मी खड्ड्याभोवती दोरी बांधली, एक काठी हातात घेतली आणि येईल त्याला प्रकरण पहिलं म्हणून दाखवायला लागलो.

मामींनी चाळीस माणसांचा चहा केला. मंग मला हळूच गोठ्यामागं बोलावलं. "पाव्हणे, एक बोलू का? रागावू नका. ते गोटे आपल्या राहुलनं..."

राहुल म्हंजी माझा मेहुणा. ट्रक चालवतो.

"मामी," मी हसून म्हणालो, "राहुल ट्रक चालवतो. हे काम हिमनदीचं आहे."

असं म्हणालो मी! याच तोंडानं!

तेवढ्यात मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात बूट, पिशवीत खुरपं. मी काठी उचलली आणि सुरू झालो. वितळणारा बर्फ, धावणारं पाणी, घरंगळणारे गोटे... मॅडम खड्ड्याकडं न बघता विहिरीकडं बघून राह्यल्या होत्या.

"ही विहीर कधीची, सर?"

"विहिरीचं सोडा मॅडम, इकडं बघा, इकडं!"

त्यांनी साडी खोचली, खड्ड्यात उतरल्या. तळाचे चार गोटे उचलून बाजूला ठेवले. खुरप्यानं दोन बोटं माती सारली. आणि थांबल्या.

खाली पाइप होता.

करड्या रंगाचा, मनगटाएवढा, भोकं पाडलेला, वरनं हिरवी जाळी गुंडाळलेली. आणि त्याचं तोंड सरळ विहिरीच्या दिशेनं.

चाळीस माणसांनी माना पुढं काढल्या. मंग मागनं एक आवाज आला, "सर, हिमयुगात ठिबक होतं व्हय?"

एकदम हशा फुटला! म्हशीसुद्धा बिचकल्या. शेख सर फोनवर बोलल्यासारखं करत मोसंबीच्या झाडामागं गेले. फोन तर त्यांचा माझ्याच हातात होता, फोटो काढायला घेतलेला.

मॅडमनी मामींकडं बघितलं. "मावशी, हे कुणी केलंय?"

मामींनी पदर सारखा केला. "आमच्या ह्यांनी केलं जी. इहीर कोरडी पडल्ती. ओघळीचं पाणी गाळून इहिरीत सोडाया खड्डा घेतला. राहुलनं देगलूरकडून येताना टरकभर गोटे आणले, तिकडं दगूड गुलाबीच निघतो. म्या सोता टोपल्यानं भरले, मोठे खाली, बारके वर." मंग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, "मी सांगाया आल्ते. पाव्हण्यांनी पोहे कराया लावले."

आता वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. पण जमीन तर मीच उघडून ठेवलेली.

इथवर हसण्यासारखं होतं. पण मॅडमनी विचारलं, "सर, खोदलेला माल कुठं टाकला?" मी ढीग दाखवला. माती, वाळू, खडी, गोटे, सगळं एकात एक. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "हे गाळणं होतं. आता पाऊस आला की ओघळीचा चिखल थेट विहिरीत जाईल. बाग कशावर आहे?"

बाग त्याच विहिरीवर होती. अडीचशे मोसंबी. मामांनी लेकरांसारखी वाढवलेली. आणि पाऊस पंधरा दिवसांवर आलेला. सरपंचही मंग हसायचे थांबले. एकेक माणूस निघून गेला, आणि मी दोरीच्या आत एकटा उभा राहिलो, काठी हातात धरून. पोरीनं मोसंबीचं विचारलं म्हणून मी शिकायला निघालो होतो, आणि सासऱ्याची मोसंबीच मारायला बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मामा आले. डोळ्याला काळा चष्मा. एसटीतनं उतरून घरी न जाता आधी वावरात आले. त्यांना फाट्यावरच कळाल्तं. खड्ड्याच्या कडेला थांबले. चष्मा काढला, बघितलं, परत घातला.

"मामा, मी..."

"गुरुजी," मामा म्हणाले, "डाक्टरनं सांगितलंय, आठ दिस नजरेला ताण द्यायचा न्हाई. मी घरी जातो. तुमी बघा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! रात्री बायकोला फोन केला, तर ती पहिल्यांदा हसली, मंग म्हणाली, "त्या बागेच्या पैशावर माझं लग्न झालंय. नीट भरून द्या."

तर मी चाळणी घेऊन बसलो. सहा दिवस. सकाळी वाळू चाळायची, दुपारी खडी, संध्याकाळी गोटे धुवायचे. पाठीचा काटा ढिला झाला. राहुलचा फोन आला, "दाजी, गोटे कमी पडले तर सांगा, मी एक खेप आणतो. का हिमनदीला बोलावणार?" मामी चहा आणून द्यायच्या, आणि आता त्या सांगायच्या आणि मी ऐकायचो. "हे बारीक हाय पाव्हणे, वर ठेवा. न्हाई, अजून वर." सहा दिवसांत मला पुस्तकातल्या दहा प्रकरणांपेक्षा जास्त कळालं, पण ते कागदावर लिहायची हिंमत उरली न्हवती.

खड्डा पावसाआधी भरला, एवढं बरं झालं. पुढं विहिरीला पाणीही स्वच्छ आलं. मामा बोलायला लागले. पण मी सासुरवाडीला गेलो की अजून कुणीतरी बांधावरनं ओरडतंच, "बर्फवाले पाव्हणे आले!"

महिन्याभरानं मॅडमकडनं माझा अहवाल परत आला. थरांची जाडी, बरोबर. रंग, बरोबर. खड्यांचं प्रमाण, बरोबर. मातीच्या वर्गापुढं तांबड्या शाईनं 'मानवनिर्मित'. 'माती वाहून आणणारा घटक' या रकान्यात मी 'हिमनदी' लिहिलं होतं. ते खोडून मॅडमनी लिहिलं होतं, 'मेहुणा'.

आणि शेवटचा रकाना, 'निचरा'. म्हंजी पाणी किती लवकर झिरपून जातं ते. तिथं मी लिहिलं होतं, 'अतिशय जलद'. त्यापुढं ठळक बरोबरची खूण.

ते मातर शंभर टक्के खरं आहे. एकवीस वर्षं थेंब थेंब साठवलेली माझी इज्जत त्या खड्ड्यातनं एका सकाळी गेली. वर ओल म्हणून राहिली न्हाई!